ऋतुमान आणि बालकांचे खेळ

मृग नक्षत्र लागून पहिली सर कोसळली, कीं घरांतील वडील माणसें आणि लहान मुलें यांच्या मनांत एकाच वेळीं दोन अगदीं निराळे विचार येतात. वडिलांना गळक्या छपराची, वाळत घातलेल्या कपड्यांची आणि सर्दीपडशाची आठवण होते. तीनचार वर्षांचें मूल मात्र उंबऱ्याशीं उभें राहून हात पुढें करतें. पागोळीचें पाणी तळहातावर आपटून उडालें, कीं तें हात मागें घेतें, हंसतें आणि पुन्हां पुढें करतें. हाच क्रम दहा वेळां चालतो, वीस वेळां चालतो. पाहणाऱ्याला तो निव्वळ पोरकटपणा वाटतो. परंतु तळहात पसरला तर पाणी उडतें, ओंजळ केली तर सांचतें आणि बोटें फांकलीं तर निसटतें, एवढ्या तीन गोष्टी त्या मुलानें तेवढ्या वेळांत कोणी न सांगतां शोधून काढलेल्या असतात. "आंत ये, भिजशील!" या एका हांकेनें बहुतेक घरांत हा प्रयोग संपतो. पुढें अर्ध्या तासानें त्याच मुलाला पाटीवर 'अ' गिरवायला बसवितात, आणि तें रडूं लागलें म्हणजे त्याला अभ्यासाची गोडी नाहीं अशी तक्रारही करतात!

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना काय शिकवावें, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे कशाच्या साह्यानें शिकवावें, हा प्रश्न महाराष्ट्रांत नवा नाहीं. गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगर येथें दक्षिणामूर्तीचें बालमंदिर काढलें. तेथें १९२३ सालीं ताराबाई मोडक त्यांच्या कार्यांत सामील झाल्या, आणि १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. या मंडळींपुढें आदर्श होता तो डॉ. माँटेसरी यांच्या पद्धतीचा. त्या पद्धतींतील साधनें सुंदर असतात. क्रमाक्रमानें लहान होत जाणारे लाकडी ठोकळे, खांचांत अचूक बसणाऱ्या दट्ट्या, खरखरीत कागदाचीं अक्षरें, अशी ती सामग्री आहे. परंतु ती कुशल सुतारानें मापाबरहुकूम घडवावी लागते आणि तिला पैसे पडतात. शहरांतील बालमंदिरांना तो खर्च कसाबसा झेपत होता. खेड्यांतील मुलांचें काय?

या प्रश्नाचें उत्तर ताराबाईंनीं कागदावर न देतां समुद्रकांठच्या बोर्डी या गांवीं जाऊन दिलें. तेथें १९४५ सालीं ग्रामीण बालशिक्षणाचें केंद्र सुरू झालें आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरीब वस्तींतील मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेण्यांत आली. 'अंगणवाडी' हा आज देशभर रुळलेला शब्द त्या अंगणांतून निघाला आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं भारत सरकारनें ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकासाची योजना चालू केली, तेव्हां तिच्या केंद्रांना हेंच नांव मिळालें. पुढें १९५७ सालीं हें कार्य डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथील वारली मुलांची अडचण आणखी निराळी होती. मोठीं मुलें गुरें राखावयास रानांत जात आणि धाकट्या भावंडांना बरोबर नेत. शाळा कितीही चांगली असली तरी तिच्या दारांत येण्यास त्यांना सवडच नव्हती. म्हणून शिक्षकच त्यांच्यामागें कुरणांत गेले. तिला 'कुरणशाळा' म्हणत. त्या शाळेला भिंती नव्हत्या आणि फळाही नव्हता. बिया, खडे, पानें, काटक्या आणि फुलें हीं तेथील साधनें; आणि तीं दर दोन महिन्यांनीं आपोआप बदलत, कारण तीं ऋतूच्या हातचीं होतीं.

हा इतिहास येथें सांगण्याचें कारण एवढेंच, कीं लहान मुलांच्या शिक्षणाला सामग्री लागते ही समजूत अजूनही फार बळकट आहे. बाजारांत रंगीबेरंगी खोक्यांतून 'बुद्धिवर्धक' खेळणीं विकावयास येतात. ज्यांना तीं घेतां येतात ते तीं घेऊन निश्चिंत होतात, आणि ज्यांना घेतां येत नाहींत ते आपल्या मुलाचें कांहींतरी कायमचें हुकलें या भावनेनें खंतावतात. दोघांचीही चूक सारखीच. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें तीन ते आठ वर्षें हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानून त्यांत खेळाला मानाचें स्थान दिलें, ही चांगली गोष्ट झाली. परंतु धोरण दिल्लींत ठरतें आणि मूल उंबऱ्याशीं उभें असतें. त्या दोहोंमधील अंतर आईबापांनीं, आजीआजोबांनीं आणि अंगणवाडीच्या ताईंनींच तोडावयाचें असतें.

तेव्हां पुन्हां त्या पावसाकडे वळणें बरें. पावसाळ्याइतकी मोठी आणि फुकट शाळा दुसरी नाहीं. घराघरांत करतां येण्याजोगा पहिला खेळ दोन वाट्यांचा आहे. मृगाच्या आरंभीं खिडकींत दोन वाट्या ठेवाव्यात. एक पावसाची, दुसरी उघडिपीची. जवळच एका डब्यांत चिंचोके असावेत. रोज दिवेलागणीच्या वेळीं मुलानें आठवावें, कीं आज पाऊस पडला कीं नाहीं, आणि त्याप्रमाणें एक चिंचोका योग्य त्या वाटींत टाकावा. याला अर्धें मिनिटही लागत नाहीं. परंतु त्या अर्ध्या मिनिटांत मूल सबंध दिवस मागें वळून पाहतें. "सकाळीं पडला, पण आपण बाजारांत गेलों तेव्हां नव्हता," असें तें सांगूं लागलें, म्हणजे काळाचा क्रम त्याच्या बोलण्यांत शिरला असें समजावें. महिना संपला, कीं दोन्ही वाट्यांतील चिंचोके जमिनीवर समोरासमोर दोन ओळींत मांडावेत. ज्या मुलाला दहाच्या पुढें मोजतां येत नाहीं, त्यालाही कोणती ओळ लांब हें दिसतें. आणि एकासमोर एक मांडतां मांडतां कोठें जोडी संपली हेंही कळतें. अंकगणिताचें मूळ येथें आहे, पाढ्यांत नाहीं. रत्नागिरीकडील घरांत आषाढांत पावसाची वाटी ओसंडते. माणदेशांतील घरांत बहुधा दुसरीच. मामाच्या आणि आत्याच्या गांवचीं मुलें जर आपापल्या वाट्यांतील चिंचोके एकमेकांना कळवूं लागलीं, तर देश एक असून पाऊस सर्वांना सारखा नसतो हा भूगोलाचा धडा त्यांना पुस्तकाआधीं मिळेल. आणि माणदेशांतील मुलाच्या रिकाम्या वाटीकडे पाहून आजोबांचा चेहरा कां उतरतो, तेंही कदाचित् कळेल.

दुसरा खेळ करवंटीचा. परातींत पाणी घ्यावें आणि भोंवतीं घरांतलींच दहाबारा वस्तु ठेवाव्यात : खडा, चिंचोका, पान, बूच, खिळा, काडी, वांग्याचें देठ, नारळाची करवंटी. एकेक वस्तु पाण्यांत सोडण्यापूर्वीं मुलाला विचारावें, "आतां काय होईल?" आणि मग थांबावें. हें थांबणें वाटतें तितकें सोपें नाहीं. वडील माणसांना उत्तर माहीत असतें आणि तें ओठांवर येऊन धडका देत असतें. मूल म्हणतें, खिळा तरंगेल, कारण तो लहान आहे. त्याला तरंगूं द्यावा! तो बुडाला, म्हणजे मूल आपला समज आपण दुरुस्त करील किंवा करणार नाहीं. दहा वेळां खिळा टाकून पाहील. मग करवंटी सोडावी आणि तींत एकेक खडा ठेवीत जावें. कितव्या खड्याला ती बुडते? दुसऱ्या दिवशीं त्याच करवंटींत खडे सगळे एका कडेला ठेवले तर? चार वर्षांच्या मुलाला येथें जो आनंद होतो, त्याचें नांव विज्ञान आहे हें त्याला सांगण्याची कांहींएक गरज नाहीं.

पाऊस उघडल्यावर फरशीवर जें पाण्याचें थारोळें राहतें, त्याच्या कडेनें खडूची किंवा गेरूची रेघ ओढून ठेवावी. तासाभरानें मुलाला घेऊन पुन्हां तेथें जावें. पाणी रेघेच्या आंत सरकलेलें असतें. तें कोठें गेलें? दुसरी रेघ ओढावी. दुपारपर्यंत एकांत एक अशा तीनचार रेघा उमटतात आणि पाणी नाहींसें होतें. पाणी कोणी प्यालें, चिमणीनें कीं फरशीनें, यावर मुलें जे तर्क करतात ते ऐकण्यासारखे असतात. त्यांना हंसूं मात्र नये.

मृगाच्या सुमारास माळावर तांबड्या मखमलीचे किडे निघतात. मूल त्याला हात लावूं पाहतें, आणि घरांतील कोणीतरी "शी!" म्हणून त्याला ओढतें. त्याऐवजीं रुंद पानावर तो किडा चढूं देऊन त्याचे पाय मोजूं द्यावेत. ते आठ भरतात. मुंगीचे मोजावेत, ते सहा. मृगाचा किडा हा खरें पाहतां कीटकवर्गांतला नव्हे, कोळ्याचा तो नातलग, ही गोष्ट पुष्कळ पदवीधरांना ठाऊक नसते. बोटांवर मोजतां येणाऱ्या बालकाला ती स्वतःच्या डोळ्यांनीं कळते. पाहून झाल्यावर किडा जेथून उचलला तेथें पुन्हां सोडावयाचा, एवढा नियम मुलें मोठ्या काटेकोरपणें पाळतात. वडील माणसेंच तो विसरतात.

झडीच्या दिवसांत घरांत कोंडलेलीं मुलें चिडखोर होतात. अशा वेळीं कानांचा खेळ उपयोगीं पडतो. सर्वांनीं डोळे मिटून बसावें आणि जितके आवाज ऐकूं येतील तितकीं बोटें उघडावीत. पागोळी, पन्हाळीचें पाणी, बेडूक, शेजारचें भांडें, लांबची गाडी, स्वतःचा श्वास. डॉ. माँटेसरींच्या शाळांतून शांततेचा जो पाठ असतो, तो असाच. सर्व मुलें निश्चल बसतात आणि शिक्षिका दाराबाहेरून अगदीं हळू आवाजांत एकेकाचें नांव घेते. ज्याचें नांव ऐकूं येईल त्यानें पाय न वाजवितां तिच्याकडे जावयाचें. दंगा करणारीं मुलें "गप्प बसा" म्हटल्यानें बसत नाहींत, आणि आपलें नांव ऐकूं यावें म्हणून श्वाससुद्धां आवरून बसतात, हा चमत्कार ज्यांनीं पाहिला नसेल त्यांनीं घरीं करून पाहावा.

श्रावणभाद्रपदांत पहाटे पारिजातकाचा सडा पडतो. तीं फुलें वेंचण्यांत मुलाच्या बोटांना जो व्यायाम होतो, तोच पुढें लेखणी धरण्याच्या उपयोगीं येतो. जोरानें धरलें तर फूल चुरगळतें, सैल धरलें तर निसटतें. अंगठा आणि तर्जनी यांनीं नेमक्या दाबानें तें उचलावें लागतें. मोठ्या मुलांनीं त्याच्या पाकळ्या मोजाव्यात. जास्वंदीच्या पांच म्हणजे पांच; पारिजातकाच्या मात्र पांचपासून आठपर्यंत कितीही निघतात. सर्वांत जास्त पाकळ्यांचें फूल शोधण्याच्या नादांत मूल कंटाळा न करतां शंभर फुलें मोजतें, आणि शंभर आंकडे लिहावयास सांगितले तर दहांतच त्याचें पोट दुखूं लागतें. उरलेल्या फुलांचे केशरी देठ पाण्यांत भिजत घातले, कीं पिवळाकेशरी रंग उतरतो. त्यांत बोटें बुडवून जुन्या वर्तमानपत्रावर ठसे उमटविण्यास चित्रकलेचा शिक्षक लागत नाहीं. बकुळीच्या फुलाला मधोमध निसर्गतःच छिद्र असतें. ज्या मुलाला सुई देण्याची भीति वाटते त्यानें तीं फुलें नुसत्या काडींत ओंवावीत.

आणि मग हस्त नक्षत्राबरोबर येतो हादगा. कोठें तो सोळा दिवसांचा हादगा, कोठें नवरात्रांतील भोंडला, आणि विदर्भ-खानदेशाकडे महिनाभराची भुलाबाई. पाटावर हत्ती काढावा, त्याभोंवतीं मुलींनीं फेर धरावा, गाणीं म्हणावीत आणि शेवटीं खिरापत वाटावी, असा हा साधा प्रकार. कित्येक सुशिक्षित घरांतून तो जुनाट म्हणून मागें पडला. कित्येक शहरांतून तो अलीकडे समारंभाच्या थाटानें परत आला आहे, परंतु तेथें बायका नटतात आणि मुलें कडेला उभीं राहतात. शिक्षणाच्या दृष्टीनें पाहिलें, तर लहान मुलांसाठीं याहून शहाणा खेळ योजून काढणें कठीण आहे. पहिल्या दिवशीं एक गाणें, दुसऱ्या दिवशीं दोन, तिसऱ्या दिवशीं तीन, अशी रोज एकाची भर पडते. कालचें सर्व म्हणून झाल्यावर त्यांत एक नवें मिळवावयाचें, ही पाठांतराची अत्यंत सुलभ युक्ति आहे; आणि 'एक मिळविलें कीं पुढची संख्या होते' हा गणिताचा पहिला सिद्धांत फेर धरतां धरतां पायांत मुरतो. ज्यांना हिशेबाची हौस असेल त्यांनीं सोळा दिवसांच्या गाण्यांची बेरीज करावी. ती १३६ भरते.

पण हादग्याचा खरा गाभा खिरापतींत आहे. खिरापत झांकलेल्या डब्यांत असते आणि ती ओळखल्याशिवाय मिळत नाहीं. मुलें प्रश्न विचारतात : गोड कीं तिखट? कोरडी कीं ओली? तळलेली कीं भाजलेली? डबा हलविला तर वाजते कां? प्रत्येक उत्तराबरोबर शक्य पदार्थांची यादी निम्मी होत जाते. पांच वर्षांची मुलगी जेव्हां "लाडू?" "करंजी?" "चिवडा?" असें एकामागून एक नांव फेकण्याचें सोडून प्रथम "गोड आहे कां?" असें विचारूं लागते, तेव्हां तिच्या बुद्धीनें एक फार मोठी पायरी चढलेली असते. नांव सांगण्यापेक्षां वर्ग विचारणें शहाणपणाचें, हें तिला कोणी शिकविलेलें नसतें. धाकट्या भावानें आपल्याआधीं ओळखूं नये, या ईर्ष्येनें तिनें तें शोधलेलें असतें. हा खेळ आश्विनापुरता ठेवण्याचें कारण नाहीं. एक डबा आणि त्यांत घरांतील एक वस्तु, मग ती बटण असो, लसणीची पाकळी असो वा किल्ली असो, एवढ्यावर तो कोणत्याही संध्याकाळीं होतो. डबा हलवून ऐकावा, मग डोळे मिटून हात आंत घालावा, मग वास घ्यावा. मुलाचीं विशेषणें वाढवावयाचीं असतील तर व्याकरणाचें पुस्तक बाजूला ठेवून हा डबा घ्यावा.

दिवाळींतील किल्ल्याविषयीं फार सांगावयास नको. तो अजून मुलांच्या हातांत आहे. एवढेंच पाहावें, कीं तयार किल्ला विकत आणण्याचा मोह होऊं नये आणि वडिलांनीं सुबकपणाच्या हौसेनें मुलांच्या हातांतील चिखल काढून घेऊं नये. किल्ल्यावर पेरलेले अळीव तीनचार दिवसांत उगवतात. बी पेरल्यापासून कोंब दिसेपर्यंत लहान मुलाला धीर धरवत नाहीं आणि तें रोज माती उकरून पाहतें. तेव्हां थोडे अळीव ओल्या फडक्यावर बशींत ठेवून त्याला खुशाल उकरूं द्यावेत.

थंडीच्या दिवसांत सांवलीचे खेळ करावेत, कारण तेव्हां उन्हांत बसणें सुखाचें असतें. अंगणांत काठी रोवून सकाळीं, दुपारीं आणि सायंकाळीं तिच्या सांवलीच्या टोकाला खडा ठेवावा. पौषांत भर दुपारींही सांवली चांगली लांब असते. तीच काठी उन्हाळ्यांत पाहिली तर दुपारची सांवली आंखडत जाते, आणि एका दिवशीं नाहींशीच होते. सबंध महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळें असे दिवस येथें वर्षांतून दोन वेळां येतात. मुंबईंत त्यांपैकीं पहिला १५ मेच्या सुमारास, पुण्यास त्याआधीं एकदोन दिवस. दुसरा येतो तेव्हां बहुधा ढग असतात. दुपारीं सूर्य माथ्यावर आला असतां आपल्या पायांखालीं सांवली शोधणारें आणि न सांपडल्यानें गोंधळलेलें मूल पाहणें हा घरांतील सर्वांनाच मोठा विनोद असतो.

याच दिवसांत स्वयंपाकघरांत पावटे, तुरीच्या शेंगा आणि मटार येतात. आईला सोलण्याचें काम असतेंच. शेंग फोडण्यापूर्वीं "आंत दाणे किती?" असें विचारावें, मुलानें बोटानें शेंग चांचपून आंकडा सांगावा आणि मग ती फोडावी. दाणे टोपल्यांत, सालें सुपांत. कामही होतें आणि खेळही. ज्या घरीं आईबाप दोघेही मजुरीला किंवा नोकरीला जातात, तेथें मुलाशीं खेळण्यास निराळा वेळ काढा असें सांगणें हें जखमेवर मीठ चोळण्यासारखें आहे. अशा घरांसाठीं हेच खेळ, जे कामाच्या पोटांत बसतात : भाजी निवडतांना पानें लहानमोठीं लावणें, धुतलेल्या कपड्यांतून जोड्या जुळविणें, पाणी भरतांना तांब्यानें किती वेळां ओतलें म्हणजे कळशी भरते तें मोजणें. दहा मिनिटें पुरतात. आणि जेथें तींही मिळत नाहींत, तेथें सातआठ वर्षांचें थोरलें भावंड हा उत्तम शिक्षक असतो. मात्र त्यानें स्वतःची शाळा बुडवून धाकट्याला सांभाळावें असा त्याचा अर्थ कोणी घेऊं नये. कोसबाडच्या मंडळींना पाळणाघर, बालवाडी आणि शाळा हीं एकत्र आणावीं लागलीं, तीं यासाठींच.

आतां थोडें सावधगिरीविषयीं, कारण निसर्ग दयाळू आहे असें कवींनीं म्हटलें तरी आईनें म्हणूं नये. तीन वर्षांखालील मूल हातीं आलेली प्रत्येक वस्तु तोंडांत घालतें. चिंचोका, मणी, वाटाण्याचा दाणा, शेंगदाणा हीं त्याच्या श्वासनलिकेंत अडकूं शकतात. त्याच्याजवळ खेळ मांडावयाचा तर करवंटी, मोठीं पानें, मक्याचें कणीस अशा मोठ्या वस्तूंचा मांडावा. लालकाळी गुंज दिसावयास मोहक, परंतु भयंकर विषारी. ती खेळांत कधींही नको. बिट्टी, म्हणजे पिवळ्या कण्हेरीचें फळ, पूर्वीं गोट्यांसारखें खेळण्याचा प्रघात होता. तिचा गरही विषारीच, तसेच साधी कण्हेर, धोतरा आणि एरंडाचें बी. हीं झाडें मुलांना नांवानिशीं दाखवून ठेवावींत. नुसतें "तिकडे जाऊं नको" म्हटल्यानें ओळख होत नाहीं. पावसाळ्यांत दगड उचलण्याचें काम वडील माणसानें करावें, कारण खालीं विंचू असूं शकतो. आणि पाण्याचा खेळ संपला, कीं परात, बादली, घंगाळ तत्काळ पालथें करावें. बादलीभर पाण्यांतही लहान मूल बुडूं शकतें, आणि तें ओरडत नाहीं.

उन्हाळ्यांत झाडांखालीं पानांचा खच असतो, पळस तांबडा झालेला असतो, सांवरीचीं बोंडें फुटून म्हातारी उडत असते. तिच्यामागें धांवण्यास नियमांची जरूर नसते. सह्याद्रीच्या बाजूस करवंदें आलीं, कीं मुलें "कोंबडा कीं कोंबडी?" असें विचारतात, समोरच्यानें ओळखावें आणि करवंद दांतानें फोडावें. आंत तांबडें निघालें तर कोंबडा, पांढरट निघालें तर कोंबडी. वरून दोन्ही काळींच! पहिल्यांदा मूल अंदाजपंचे सांगतें. दहावीस करवंदें झाल्यावर तें करवंद उजेडाकडे धरून, बोटानें दाबून, वास घेऊन पाहूं लागतें. त्याला खूण सांपडते कीं नाहीं, याबद्दल जाणत्यांचेंही एकमत नाहीं, आणि तीं गोळा करतांना ओरखडलेल्या हातांकडे तर कोणाचेंच लक्ष नसतें.

आंब्यांच्या दिवसांत कोयींचे ढीग पडतात. त्यांतील एक, धुऊन, मोरीच्या पाण्याजवळ किंवा फुटक्या डब्यांतील मातींत मुलाच्या हातानें पुरावी. पुढें मृग लागतो, खिडकींत पुन्हां दोन वाट्या येतात, मूल चिंचोके टाकूं लागतें आणि कोयीला विसरून जातें. मग एके सकाळीं मातींतून एक दांडा वर आलेला दिसतो, त्याच्या टोकाला लोंबणारीं लांबोळकीं पानें, आणि तीं हिरवीं नसून तांबूस असतात. "आजी, हें हिरवें कां नाहीं?" असा प्रश्न येतोच. आजीला ठाऊक असो वा नसो, तिनें एका पानाच्या देठाला सुताचा धागा सैल बांधून द्यावा आणि तिसरी वाटी काढून ठेवावी. रोज पाहून एक चिंचोका तींत टाकीत गेलें, कीं पान हिरवें व्हायला किती दिवस लागले तें शेवटीं मोजतां येतें.